खाणवाल्यांचं आयुर्मान

पेन्शन फंडाच्या कचेरीत तिला सगळे आकडेबाई म्हणायचे. निवृत्त झाल्यावर माणसं सरासरी किती जगतील याचा हिशोब करणं, हे तिचं काम. आणि माणसं जगत होती की हो! औषधं सुधारली, म्हातारे टुणटुणीत झाले, नोकरीला लागणारी पोरं मात्र कमी. भरणारे थोडे, घेणारे उदंड. फंडाचं घोडं तिथंच पेंड खात होतं.

शेवटी साहेबांनी फर्मान काढलं, "बाई, निवृत्तीचं वय दोन वर्षांनी वाढवायचंय. टिपण तुम्हीच करा."

आकडेबाईला पहिलं आठवलं ते आपलं घर. तिचा नवरा दूरच्या खाणीत मुकादम, त्याची पेन्शनही याच फंडातली. लग्न झाल्यापासून सुट्टीपुरताच घरी. नणंद चिडवायची, "वहिनी, तुमचं लग्न झालंय की नुसतं ठरलंय?" पुढच्या वर्षी तो कायमचा येणार होता. त्याच्यासाठी गॅलरीत वेताची खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती मेलीनं. आता ती खुर्ची आणखी दोन वर्षं रिकामी ठेवायची, आणि तीही आपल्याच हातानं?

टिपण करताना तिला एक वाट सुचली. अवजड काम करणाऱ्यांना यातून वगळायचं.

"पुरावा द्या," साहेब म्हणाले. "खाणवाले इतरांपेक्षा कमी जगतात हे दाखवा, मग समितीपुढे मी बोलतो."

पुरावा कचेरीतच पडून होता. इतकी वर्षं तिनं एकेका धंद्याचं आयुर्मान काढलं, खाणीचं तेवढं हाताखालच्यांकडे ढकललं. वेळ नाही, म्हणायची. वेळ कसला नाही! हिंमत नव्हती.

या खेपेला तिनं स्वतः मांडलं. धुळीनं फुप्फुसं जातात, निवृत्तीनंतर ही माणसं फार टिकत नाहीत. तिनं पुन्हा मांडून पाहिलं, उत्तर तेच. म्हणजे नवऱ्याला घरी आणायचं, तर तो लवकर जाणार हे बायकोनंच सिद्ध करायचं. देवानं काय थट्टा मांडली होती बघा!

समितीनं मान डोलावली. खाणवाले वगळले गेले. "पक्कं काम केलंत बाई, कोणाला शंका घेता आली नाही," साहेब म्हणाले. बाईला रडू फुटलं. साहेबांना वाटलं, आनंदानं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "अगं, सुटलो आम्ही! इथं सगळे तुझा जयजयकार करतायत. कसं काय जमवलंस?"

"गणित होतं."

"आता एकच वर्ष. मग खुर्चीत बसून तुझं डोकं खातो, चांगली भरपूर वर्षं." तो हसला आणि हसता हसता खोकायला लागला. खोकला थांबेना. एरवी अशा वेळी ती फोन कानापासून लांब धरायची. आज तिनं शेवटपर्यंत ऐकला.

"अहो, एक वर्ष नको. राजीनामा द्या. या महिन्यातच या."

"डोकं फिरलंय का तुझं? मुदतीआधी सोडलं तर पेन्शन निम्मी बसेल. मुदतीआधी सोडू नका, असं जन्मभर तूच तर सगळ्यांना बजावत आलीस."

"बसू दे निम्मी. मला तुम्ही हवे आहात हो. फार वाट पाहिली मी."

बायकोचं काम काय, हे त्यालाही ठाऊक होतंच की. मग हळूच त्यानं विचारलं, "किती आहेत गं, आमची वर्षं?"

आकडा तिला पाठ होता.

"तुम्ही या तर आधी," ती म्हणाली.