गणपतीच्या बाजूने माटोळी

सगुण माझा धाकटा दीर. खाणीवरचा ट्रक चालवतो, पण चवथ जवळ आली की याचा जीव माटोळीत. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली फळं-पानं बांधायची, एवढंच खरं तर ते काम. पण गेल्या वर्षी याने सुपाऱ्या, आंबाडे आणि कांगलांचे लाल घोस बांधून असा मोर केला, की माटोळीच्या स्पर्धेत पहिला आला. म्हापशाहून माणसं आमच्या सर्वण गावात बघायला आली.

तिथेच बिघडलं. वर्षभर जो भेटेल तो विचारी, "यंदा कितें रे सगुण?" याने हत्ती बांधला, सोडला. रथ बांधला, तोही सोडला. चवथीच्या आदल्या दुपारी चौकट रिकामी आणि फळं जमिनीवर.

"वयनी, म्हाका जमचें ना. मोर कसो जालो तेंच म्हाका कळूंक ना. फकत एक नारळ बांदतां."

माझं डोकंच फिरलं. एवढं गुणी पोर आणि असलं बोलणं! त्याला हाताला धरून गणपतीच्या चौरंगाशेजारी जमिनीवर बसवलं आणि वर बघायला लावलं.

"गेल्या वर्सा हांगां बसून पळयिल्लो तुजो मोर?"

"ना. दारांतसून पळयतालों."

"हांव दिवो लावंक बसतालें. म्हाका दोरयो आनी गांठी दिसताल्यो. गणपतीकूय त्योच."

सगुण बराच वेळ वर बघत राहिला. मग एकदम हसला. हे मेलं हसणं बघायला मी किती महिने आसुसले होते! तिन्हीसांजेपर्यंत त्याने सगळं बांधून काढलं. पक्षी नाही, रथ नाही. मधोमध कांगलां, भोवती आंबाडे आणि सुपाऱ्या, कडेला नारळ, एकूण एक फळाचं तोंड खाली गणपतीकडे.

दुसऱ्या दिवशी परीक्षक दारात आले. तिथून त्यांना नारळाच्या शेंड्या तेवढ्या दिसल्या. ते एकमेकांकडे बघू लागले. सगुण मात्र शांतपणे म्हणाला, "भितर येयात. बसून पळयात."

त्यांच्यातले एक म्हातारे गुडघे धरत खाली बसले, मान वर केली आणि चहा निवला तरी उठेनात.

नंबर दुसऱ्याच गावाला गेला. ते कळलं तेव्हा सगुण जेवत होता. "बरें जालें," म्हणाला आणि पुढल्या चवथीला पपनसासारखी मोठाली तोरिंजनं कुठून आणायची ते मला सांगत बसला.