कडीवरचा हात

दहा मोजतो म्हणायचं आणि सातलाच लाथ घालायची, ही कुठली रीत? मित्रांनो, असं कुणी केलं तर तुम्ही त्याला पुन्हा खेळात घ्याल का? त्या हवालदाराने केलं. तेही वर्दीत.

मी एक जुनी कडी आहे. घड्याळजींच्या खोलीच्या दाराला आतून बसवलेली. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण दहापर्यंत मला येतं. भिंतीवरच्या घड्याळांनी शिकवलं. लोहाराने मला तीनदा तापवलं, ठोकलं, आणि म्हणाला, "ही मोडायची नाही." नाहीच मोडले. चौकटीतल्या कोयंड्याशी बत्तीस वर्षं संसार केला. वारा आला की तो कुरकुरायचा, मी त्याला दटावायची. घड्याळजी काडीच्या टोकाने आमच्या सांध्यात तेल सोडायचे आणि म्हणायचे, "या घरात ही एकटीच वेळेवर चालते." मला मिरवायला तेवढं पुरे होतं.

मग घड्याळजींना आवाज ऐकू येऊ लागले. टिकटिकीतून कुणीतरी आपल्याला हाका मारतं, असं म्हणायचे. एक दिवस त्यांनी मला चढवलं आणि तीन दिवस काढलंच नाही. धाकटी बहीण घाबरली. तिने पोलिसांना बोलावलं. अशा वेळी आणखी कुणाला बोलवायचं, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

हवालदार आला, दारावर मूठ आपटली. "दहा मोजतो! नाही उघडलं तर तोडतो!"

पाचला घड्याळजी उठले. सहाला त्यांचा हात माझ्यावर आला. गार पडलेला. मी अर्धी उचललीसुद्धा गेले होते.

सात. आणि लाथ.

कोयंडा लाकडासकट उपटला. घड्याळजींची दोन बोटं माझ्या आणि चौकटीच्या मध्ये चिरडली. सगळे म्हणाले, हट्टी माणूस, दार अडवून उभा होता. ते उघडत होते, हे पाहिलं मी एकटीने. आणि कडीची साक्ष कोण काढतो?

बोटं जुळली, पण वाकडी. त्यांच्यात घड्याळदुरुस्तीचा चिमटा धरवेना. भिंतीवरची घड्याळं एकेक करून थांबली. माझा कोयंडा केरात गेला. त्याचं भोक भुसा आणि सरस भरून बुजवलं आणि बोटभर खाली नवा ठोकला, चकचकीत आणि बिनअकली. मला पुन्हा तेल मिळालं नाही. गंज चढला. पण मित्रांनो, त्या बुजवलेल्या भोकातून मला अजून तो आकडा ऐकू येतो. घर सामसूम झालं की सात. दार मिटलं की सात.

दोन वर्षांनी घड्याळजींनी त्या आवाजांसाठी सुरू झालेल्या गोळ्या बंद केल्या आणि मला पुन्हा चढवलं. दोन दिवस पोटात पाणीसुद्धा नाही. या खेपेला बहिणीने नव्या नंबरवर फोन केला. तिथून पोलीस एकटा येत नाही, मनाच्या दवाखान्यातल्या बाई बरोबर असतात. ऐन दुपारी दोघं आले. पावलं ऐकली आणि मी आतल्या आत थिजले. हवालदार तोच होता.

"बाई, फोडू का?"

"फोडायला ते काय मडकं आहे? आधी बूट काढा. खाडखाड आत जातेय."

"बाई, मोज्याला भोक आहे हो."

"असू दे. अंगठ्यालाही हवा लागेल."

बाई उंबऱ्याशी जमिनीवर बसल्या. हाक नाही, धमकी नाही. नुसतं, "मी इथे बसलेय, दादा. घाई नाही."

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. "तो आलाय का? मोजणारा?"

बाई हवालदाराला म्हणाल्या, "खरं सांगा."

"आलोय," तो म्हणाला.

"तुम्ही सातला मारलीत. माझा हात कडीवर होता."

बाहेरून बहीण रडत म्हणाली, "दादा, कधी बोलला नाहीस रे!"

"कुणी विचारलं?"

हवालदार भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला. "मला वाटलं, तुम्ही उघडणारच नाही. चुकलं माझं, घड्याळजी. आज तुम्ही मोजा."

घड्याळजी मोजू लागले. सहाला हात माझ्यावर आला. वाकडी बोटं मी ओळखली. "सात," ते म्हणाले, आणि थांबले. बुजवलेलं भोक माझ्या कानात ओरडत होतं. दाराखालून येणारी उन्हाची पट्टी सरकत भिंतीपाशी गेली, तरी आठ येईना. फटीतून मला हवालदाराचा पाय दिसत होता. एकदा तो हलला. लगेच त्याने दोन्ही हातांनी गुडघा घट्ट धरला.

"आठ," घड्याळजी म्हणाले.

नऊला मी वर उचलली गेले. दहाला दार उघडलं.

मित्रांनो, बंद दारामागे एखादा हात कडीपर्यंत पोचलेला असतो. तुम्हाला तो दिसत नाही. म्हणून थांबा.

आता गंजलेली कडी उचलली की करकरणारच. त्याच करकरीत मी त्या हवालदाराला तोंडावर सुनावलं, "मेल्या, सातानंतर आठ येतं! एवढं शिकायला माझ्या माणसाची दोन बोटं घेतलीस. आता ऊठ, त्याला पाणी दे. आणि पुढच्या दारात पाय आवर."