दोन सुतांची चूक

बापाच्या हातात टेप दिली, हेच मुळात लेकीचं चुकलं. सकाळी नऊपासून म्हातारा घरभर मापं काढत हिंडत होता. खुर्च्या भिंतीपासून ओढल्या होत्या, कपाटामागची जळमटं उघड्यावर आली होती, आणि आई शेंगा निवडायला जिथे म्हणून बसायची, तिथेच नेमकी तिच्या पायाखालून टेपची पिवळी पट्टी सरसरत जायची.

“अगं, पाय उचल.”

“चाळीस वर्षं उचलतेय,” आई म्हणाली. “एकदाचं मलाही मोजून घ्या भिंतीबरोबर, म्हणजे सुटाल.”

लेक हसली नाही. मांडीवर वही घेऊन ती बापानं सांगितलेले आकडे उतरवून घेत होती. कॉलेजात ती तर्कशास्त्र शिकवायची. आई त्याला हो-नाहीचं शास्त्र म्हणायची. इतकी वर्षं लोक त्याचा पगार देतात त्या अर्थी त्यात काहीतरी असणार, एवढंच तिनं मान्य केलं होतं.

बाप सुतार. या घराची दारं, खिडक्या, कपाटं, जिन्याचा कठडा, सगळं त्याच्या हातचं. पण गेले आठ महिने दुपार कलली की तो चपला घालून उभा राहायचा. “चला, घरी जायचं.” हेच आपलं घर, असं सांगितलं की चारी बाजूंना नजर फिरवायचा आणि पाहुण्यासारखी मान डोलवायचा. “छान बांधलंय. अगदी आमच्यासारखं. पण आमचं नव्हे.” मागच्या आठवड्यात तो रेल्वे फाटकापलीकडे सापडला, गुडघा फुटलेला, हातात एक चप्पल. त्यानंतर लेक एक अर्ज घेऊन आली. शहराच्या टोकाला एक संस्था होती, अशा माणसांना सांभाळणारी. फाटकाला कुलूप, चोवीस तास नर्स. जागा आज संध्याकाळी पाचपर्यंत धरून ठेवली होती, आणि अर्जावर बायकोची सही हवी होती.

“मी मेल्यावर ने,” आई म्हणाली होती.

मग लेकीनंच हा तोडगा काढला. घर बांधताना बापानं सगळी मापं एका जुन्या वहीत टिपून ठेवली होती. ती वही तिला माळ्यावर सापडली होती. “आज त्यांनाच सगळं परत मोजू दे. हे घर एकतर आपलं आहे, किंवा नाही. तिसरं काही असूच शकत नाही. आणि स्वतःच्या हातचं माप बाबा नाकारणार नाहीत. त्यांना पटलं, तर हा अर्ज मी तुझ्यासमोर फाडते.” बोलताना तिचा आवाज वर्गात बोलल्यासारखा होता, पण हाताची बोटं अर्जाचं टोक आताच चुरगाळत होती. फाडायला तिलाही हवा होता तो.

दुपारपर्यंत बाहेरची खोली झाली, झोपायची खोली झाली, जिना झाला. जुनी वही आणि नवी वही, सुताचाही फरक नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याखाली सुतार भांडत नाहीत. दर मापाला बाप “हं” म्हणायचा, खूश होऊन, दुसऱ्या कुणाचं चांगलं काम तपासल्यासारखा.

शेवटी स्वयंपाकघराच्या दाराशी आला. दाराची चौकट काटकोनात आहे की नाही, हे बघायला कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी मापं घ्यायची, दोन्हीकडून. दोन्ही सारखी आली की चौकट खरी. त्यानं एक घेतलं. दुसरं घेतलं. मग टेप तशीच धरून थांबला. चौकटीच्या वरच्या अंगाला एक बारीक पट्टी ठोकलेली होती. तिच्याखालून त्यानं अंगठा फिरवला.

लेकीनं जुनी वही चाळली. या दाराचं एकच तिरपं माप लिहिलेलं होतं. दुसऱ्याची जागा कोरी.

“दोन सूत,” बाप म्हणाला आणि तोंडभर हसला. “माझंच पाप. तू पोटात होतीस, हिला घाई झाली होती राहायला यायची. लाकूड कापलं गेलं चुकीचं. वरून पट्टी मारली आणि गप्प बसलो.”

“म्हणून ते दार चिकटतं!” आई कडाडली. “चाळीस वर्षं! आणि मी बोलले की म्हणे हवा दमट आहे!”

“दमटही असते,” तो म्हणाला.

लेकीनं वही मिटली. आवाज शक्य तितका साधा ठेवत तिनं विचारलं, “म्हणजे ही चूक फक्त तुम्हालाच माहीत होती. मग हे घर कुणाचं, बाबा?”

काय वेड्यासारखं विचारते, अशा नजरेनं त्यानं तिच्याकडे पाहिलं. “कुणाचं म्हणजे? माझं.”

लेकीनं तोंडावर हात दाबला. आई तटकन उठली; मांडीवरच्या शेंगा घरभर झाल्या, त्याचंही तिला काही वाटलं नाही. तिनं चहाचं आधण ठेवलं, तीन कप मांडले, त्यातला एक पुसलेलाच पुन्हा पुसला. बापानं टेप गुंडाळली, सदऱ्याच्या बाहीनं साफ केली, खिशात घातली आणि चपला शोधू लागला.

“चला. काम झालं. आता घरी जायला हवं.”

चहाला उकळी फुटली होती.

“बाबा,” लेक म्हणाली, “आत्ता म्हणालात ना, हे तुमचं घर?”

“आहेच.”

“मग जायचं कुठे?”

“घरी.”

लेकीनं त्याची बाही धरली. “एकच गोष्ट एकाच वेळी आहे आणि नाही, असं दोन्ही होत नाही हो बाबा. असं होतच नाही.”

“तुझ्या वहीत होत नसेल.” शिकाऊ गड्याच्या हातातून करवत काढून घ्यावी तितक्या हळू त्यानं तिच्या हातातून आपली बाही सोडवली. “पोरी, मी मोजलंय. घर माझं आहे. आणि मला घरी जायचंय. यात तुझं अडतंय कुठे?”

लेकीनं मिटलेली वही पुन्हा उघडली. वीस वर्षं ती याच प्रश्नाचं उत्तर फळ्यावर लिहीत आली होती.

आईनं गॅस बंद केला. “घरी कोण आहे तुमच्या?”

“बायको.”

“आणि मी कोण?”

“तूच की ती,” तो म्हणाला. जराही अडखळला नाही. “चल, आटप. ती वाट बघत असेल. उशीर झाला की फार बोलते.”

आई खाली वाकून शेंगा गोळा करू लागली, चारपाच गोळा केल्या, आणि मूठ तशीच मिटलेली राहिली.

तो बाहेरच्या दाराशी गेला. लेकीनं वरती नवी कडी बसवली होती, त्याच्या नजरेत न येणारी. त्यानं दार ओढलं, ढकललं. धसमुसळेपणा त्याच्या हातातच नव्हता. मग त्यानं बोटांची पेरं वळवली आणि आतून दार वाजवू लागला.

“अगं, दार उघड. मी आलोय.”

आई त्याच्या मागे दोन हातांवर उभी होती.

“उघडते,” ती म्हणाली.

तो थांबला, कान देऊन. मग पुन्हा वाजवलं.

ती परत आली आणि टेबलाशी बसली. अर्ज पुढे ओढला, सरळ केला. “कुठे करायची?”

“आई, थांब. मी अजून काहीतरी…”

“कुठे ते सांग.”

लेकीनं बोट ठेवलं. दुसरीपर्यंत शिकलेल्या हातानं आईनं एकेक अक्षर सुटं, ठाम, काढलं. दारावरची टकटक चालूच होती, घाई न करता, घरात कुणीतरी असल्याची खात्री असलेल्या माणसाची. पाच वाजायला वीस मिनिटं होती. लेकीनं अर्ज उचलायला हात घातला, पण तो निघेना; आईचा तळवा त्यावर पालथा पडला होता. लेकीनं हलकेच ओढून पाहिलं. तळवा हलला नाही.

“आई,” लेक रडत म्हणाली, “सोड ना. माझं बरोबरच होतं ना गं?”

आईनं तिच्याकडे पाहिलं. लहानपणी तिची उत्तरपत्रिका उलटीसुलटी धरून नुसते गुण बघायची, तसं.

“बरोबर होतं,” ती म्हणाली. “अगदी बरोबर. आणि चुकलंच तुझं.”