विपुलच्या गाडीची उंची

गाडी गॅरेजमधून उंच होऊन आली, त्याच्या दुसऱ्याच सकाळी राजाबाईला पुढच्या सीटवर चढता येईना. एका हातानं दाराला धरून, दुसऱ्या हातानं लुगडं सावरत, एक पाय उचलून ती दिवाळे गावच्या जेट्टीवर तशीच उभी राहिली. विपुलनं आतूनच हात पुढे केला.

"ये गं आये, सवय होईल तुला."

"मना नाय व्हायची सवय," राजाबाई म्हणाली. "तू जा पुढं. मी रिक्षानं येईन."

आणि ती खरंच रिक्षानं गेली. विपुलनं ते फारसं मनावर घेतलं नाही.

विपुल कोळी बेलापूरच्या खाडीकाठचा, दिवाळे गावचा. वडिलांची होडी होती, आई चाळीस वर्षं बाजारात बसून मासळी विकायची. विपुलनं महापे इथली नोकरी सोडून घरपोच मासळीचा धंदा सुरू केला आणि त्यासाठी पिकअप घेतली. मागे बर्फाचे खोके, शेजारी आई. नेरूळ, सीवूड्स, जुईनगरच्या सोसायट्यांमधून मोबाइलवर ऑर्डर यायच्या. बायको सोनल त्या लिहून घ्यायची, आई मासळी निवडायची, विपुल गाडी चालवायचा. घर सुखात होतं.

पिकअपची मागची बाजू मुळातच थोडी उंच असते. माल भरला की ती खाली बसते आणि गाडी सपाट होते. रिकामी असताना मात्र गाडीचं नाक जरा झुकलेलं दिसतं. विपुलला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण एका रविवारी त्याचा दोस्त शिवा गाडीकडे बघून हसला आणि म्हणाला, "भाऊ, तुझी गाडी सगळ्यांना वाकून नमस्कार करत उभी असते."

एवढ्याशा बोलण्यानं माणूस किती हलतो! विपुल आठवडाभर मोबाइलवर उंच गाड्यांचे व्हिडिओ बघत राहिला आणि शेवटी तुर्भ्याला नंदकुमारच्या गॅरेजमध्ये गेला. पुढची बाजू उचलून लेव्हल करायची, आणि चारही चाकांना मोठे, रुंद, जाड खाचांचे टायर लावायचे.

नंदकुमार वीस वर्षं हेच काम करत होता. त्यानं आधी विचारलं, "रोज माल भरतोस ना? मग मागची बाजू दबणार आणि नाक वर जाणार. लाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातील. आणि आरटीओची परवानगी?"

"ते मी बघतो. तुमी फक्त काम करा," विपुल म्हणाला. परवानगीचं पुढे त्यानं काहीच बघितलं नाही.

गाडी दिमाखदार दिसायला लागली, यात शंका नाही. रिक्षावाले आपोआप बाजूला सरकू लागले. सिग्नलला शेजारची माणसं मान वर करून बघायची. आपल्यापैकी ज्यांनी कधी उंच गाडी चालवली असेल, त्यांना ही चव ठाऊक असेल. विपुलला वाटलं, आता कुठे आपल्याला रस्त्यावर किंमत आली. सोनल मात्र कुरकुरायची. खोके चढवताना तिची कंबर भरून यायची, आणि डिझेल पूर्वीपेक्षा लवकर संपायचं. त्याकडेही त्यानं कानाडोळा केला.

असे दोन महिने गेले. एका रविवारी सकाळी विपुल जुईनगरच्या एका सोसायटीत मासळी द्यायला गेला होता. बी विंगमधल्या वैदेहीताई कोळंबी घ्यायला खाली आल्या. सोबत त्यांची सहा वर्षांची ईश्वरी होती. तिला जिवंत खेकडे, म्हणजे चिंबोऱ्या, बघायच्या होत्या. चिंबोऱ्या बघून झाल्या, पिशवी हातात आली. विपुल सीटवर चढला, पुढची ऑर्डर वाचली, मोबाइल ठेवला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, समोर नीट बघितलं. रस्ता मोकळा होता. त्यानं गाडी हलवली.

तेवढ्यात वैदेहीताईंनी दारावर दोन्ही हातांनी धाडधाड थापा मारल्या. विपुलनं करकचून ब्रेक मारला.

बोनटच्या पलीकडून ईश्वरी बाजूला आली. तिच्या केसांची क्लिप गाडीसमोर पडली होती, ती उचलायला ती वाकली होती. क्लिप तिच्या मुठीत होती. बंपर आणि ती, यांच्यात जेमतेम वीतभर अंतर उरलं होतं.

विपुलनं इंजिन बंद केलं. पण घाबरलेला माणूस कधी कधी भलतंच बोलून बसतो. तो खाली उतरला तो ओरडतच. "ताई, पोरीला सांभाळता येत नाही का? गाडीसमोर कोण असं बसतं?"

वैदेहीताईंनी मुलीला घट्ट धरलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. "दादा, तुम्ही समोर बघत होतात. मी पाहिलंय. तुम्ही थेट तिच्याकडेच बघत होतात."

संध्याकाळी सोसायटीचा निरोप आला. यापुढे ही गाडी आत आणायची नाही.

विपुल घरी येऊन चिडचिड करत बसला. लोक किती भाव खातात, एवढं काय झालं होतं, पोरीला खरचटलंसुद्धा नाही. त्या दिवशी वामनमामा जेवायला आले होते. मामा म्हणजे राजाबाईचा धाकटा भाऊ. पंचवीस वर्षं महापालिकेची बस चालवून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शांतपणे जेवण उरकलं आणि हात धुताना एवढंच म्हणाले, "सकाळी गाडी जेट्टीच्या बाजूला मैदानात आन. आक्का, तू पन ये."

सकाळी मैदानात एका बाजूला बोंबील वाळत होते. मामांनी विपुलला सीटवर बसवलं. मासळीचा एक निळा क्रेट उभा करून त्यांनी बंपरसमोर ठेवला.

"दिसला?"

"नाय."

मामांनी क्रेट एक पाऊल मागे नेला. मग आणखी एक. विपुल मान उंचावत होता, पुढे झुकत होता. कितीतरी पावलं मागे गेल्यावर क्रेटची वरची कड दिसली.

"आता खाली बघ, मोबाइलवर," मामा म्हणाले. विपुलनं मान खाली घातली. थोड्या वेळानं मामांची हाक आली. "बघ समोर. काय दिसतं?"

"होड्या. खाडी. वाळत घातलेले बोंबील."

"आणखी?"

"आणखी काय? रिकामं मैदान."

"तुझी आई कुठं हाय?"

विपुलनं आरशात बघितलं, दोन्ही बाजूंना बघितलं. "घरी गेली वाटतं."

"उतर खाली."

विपुल उतरून पुढे आला आणि जागच्या जागी थबकला. गाडीच्या तोंडापासून तीन पावलांवर राजाबाई जमिनीवर बसली होती. चाळीस वर्षं बाजारात बसायची तशीच, पुढ्यात पाटी घेऊन. तिनं त्याच्याकडे मान वर करून बघितलं.

"मी हितंच हाय रे," ती म्हणाली.

"आये!" विपुलच्या तोंडून एवढंच निघालं. तो तिच्यासमोर मटकन बसला. गाडी सुरूच असती तर? कालच्या पोरीच्या जागी आपली आई असती तर? आणि मग त्याला त्याहून कडू गोष्ट कळली. पोरीच्या जागी पोरगीच होती, हादरायला तेवढं पुरेसं नव्हतं का?

तरीही त्यानं एकदा म्हणून बघितलं, "मामा, तुमची बस तर हिच्यापेक्षा उंच होती."

"होती ना. पन बसचा डायवर अगदी पुढच्या टोकाला बसतो. काच पार खालपर्यंत असते, पुढं बोनट नसतं. तुझ्यापुढं हे एवढं लांब बोनट हाय, आणि तू ते आणखी वर उचललंस. गाडी कमी-जास्त उंच असण्यात पाप नाय, विपुल. डोंगरात, खडकांत जानाऱ्याला लागत असेल तशी गाडी. तू रोज कुठं जातोस? पोरं खेळतात त्या गेटातनं."

"लोक बाजूला व्हायचे मामा. बरं वाटायचं."

"भीतीनं व्हायचे. तू त्याला मान समजलास." मामा बहिणीशेजारी खाली बसले. "ह्या शहरात खाली कोन कोन असतं, कधी बघितलंस? भाजीवाली बसते, झाडू मारनारी बाई वाकलेली असते, कोन चाकाच्या खुर्चीत असतं, शाळेचं पोर तर तेवढंच असतं. तुझी आई जन्मभर त्याच उंचीवर बसली, म्हनून तू आज सीटवर बसलास. आता तुलाच ती दिसंना झाली."

विपुल उठला. आईची पाटी त्यानं स्वतः उचलली.

दुसऱ्या दिवशी तो तुर्भ्याला गेला. जुने टायर नंदकुमारनं कोपऱ्यात जपून ठेवले होते. पुढची बाजू पुन्हा होती तशी खाली आली, टायर बदलले, लाइटही नीट करून झाले. "आपल्याकडे गाडी वर करायला सगळे येतात," नंदकुमार म्हणाला, "खाली करायला आलेला तू पहिलाच."

परतताना विपुलच्या मनात होतं, वैदेहीताईंकडे एखादा ताजा जिताडा घेऊन जावं. सोनलनं त्याला अडवलं. "मासा नेऊ नका. माफी मागायला चाललाय की गिऱ्हाईक सांभाळायला?"

म्हणून तो रिकाम्या हातानं गेला. गाडी त्यानं गेटाबाहेर लावली आणि दारात उभा राहून म्हणाला, "ताई, चूक माझी होती. आणि वर तुम्हालाच बोललो, ती आणखी मोठी चूक."

वैदेहीताईंनी दार पूर्ण उघडलं. त्यांच्या मागून ईश्वरी पुढे आली.

"काका, मी तुम्हाला खरंच दिसले नव्हते?"

"नाही दिसलीस, बाळा."

"पण मी तर तिथेच होते."

"हो," विपुल म्हणाला. "तू तिथेच होतीस."

पुढे सोसायटीनं गाडीला परवानगी दिली, तरी विपुल ती आत नेत नाही. गेटाबाहेर लावतो आणि खोका खांद्यावर घेऊन आत जातो. रविवारी ईश्वरी चिंबोऱ्या बघायला धावत येते, आणि आता विपुल निघताना गाडीच्या पुढून एक फेरी मारूनच सीटवर चढतो. शिवा अजून हसतो. विपुलला त्याचं काही वाटत नाही. त्याचा धंदा बरा चाललाय, झोप शांत लागते.

नागरिकहो, गाडी आपण आपल्या कमाईनं घेतो, ती हवी तशी सजवावी असं वाटणं साहजिक आहे. पण रस्ता कुणा एकाच्या कमाईचा नसतो. त्यावर आपल्याइतकाच हक्क त्या माणसांचाही असतो जी आपल्याहून बुटकी आहेत, वाकलेली आहेत, जमिनीवर बसून पोट भरतात. आपण रस्त्यावर किती मोठे दिसतो, हा प्रश्न सोडून देऊ या. सीटवर बसल्यावर आपल्याला सगळ्यात लहान माणूस दिसतो की नाही, एवढं रोज एकदा विचारू या, आणि दिसत नसेल तर आधी खाली उतरू या.