टेसच्या नावाचं बिस्किट

दुसरीच्या वर्गात तेवीस मुलं होती. मंगळवारी संध्याकाळपर्यंत जॅनेल हॉफरच्या स्वयंपाकघरात बावीस थडगी तयार झाली होती.

थडगी म्हणजे लांबट बिस्किटं. त्यांच्यावर चॉकलेटच्या बारीक धारेनं एकेका मुलाचं नाव लिहायचं. पेल्यात पुडिंग भरायचं, त्यावर काळ्या बिस्किटांचा चुरा माती म्हणून पसरायचा आणि नावाचं बिस्किट त्यात उभं रोवायचं. खारट काड्या पांढऱ्या चॉकलेटात बुडवल्या की हाडं होतात, आणि मार्शमेलोच्या मऊ पांढऱ्या मिठाईला डोळे चिकटवले की भुतं. अमेरिकेतल्या ओहायो नदीकाठच्या त्या गावात हॅलोविनच्या, म्हणजे भुताखेतांच्या सणाच्या, पार्टीला मुलं दर वर्षी स्वतःचंच थडगं हसत हसत खात आली होती. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं.

तेविसावं थडगं जॅनेलनं मुद्दाम केलं नव्हतं. ते मार्ली टीगचं झालं असतं. मार्लीची आई टेस मार्च महिन्यात गेली होती, एकतिसाव्या वर्षी, नशेच्या गोळीनं. अशा पोरीच्या पुढ्यात थडगं कसं ठेवायचं, म्हणून जॅनेलनं तिच्यापुरता भोपळ्याच्या आकाराचा केक आणायचं ठरवलं. हा आपला समजूतदारपणा आहे असं तिला वाटत होतं.

खरी अडचण दुसरीच होती. वर्गाच्या दारावर एक कागद लावलेला होता. पार्टीला कोण काय करून आणणार ते त्यावर पालकांनी लिहायचं. मार्लीला आता तिची आजी विल्मा सांभाळत होती. तिनं लिहिलं होतं, ‘लाह्यांचे लाडू, चोवीस.’ मक्याच्या लाह्या साखरेच्या पाकात घोळून वळलेले हे लाडू त्या गावात प्रत्येकानं लहानपणी खाल्लेले. पण पार्टीची व्यवस्था जॅनेलकडे होती, आणि कागद लागल्यापासून तिला चार आयांचे फोन आले. सगळ्यांत स्पष्ट बोलली ती केंड्रा. त्या घरातलं काही माझी कॅसिडी खाणार नाही, म्हणाली. त्या ओट्यावर काय काय सांडलं असेल देव जाणे. लाडू येणार असतील तर मी पोरीला दुपारीच घरी घेऊन जाईन. उरलेल्या तिघींनी हेच जरा हळू आवाजात सांगितलं.

जॅनेल काही वाईट बाई नव्हती. तिला फक्त कटकट नको होती. तिनं विल्माला फोन लावला.

“मिस विल्मा, अहो, गोड फारच झालंय या वर्षी. तुम्ही लाडवांऐवजी कागदी रुमाल आणाल का?”

“रुमाल,” विल्मा म्हणाली.

“हो. साधे चालतील.”

“बरं.”

फोन बंद होण्याआधी मागून मार्लीचा आवाज आला. आजी, ये ना लवकर, पाक घट्ट व्हायला लागला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जॅनेलचे सासरे ऑर्विल भुतांना डोळे लावत बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. गावातल्या मयतांची सगळी व्यवस्था चाळीस वर्षं त्यांनी पाहिली होती. आता ते काम मुलगा करत होता. चिमट्यानं साखरेचा बारीक मणी उचलायचा आणि नेमका जागेवर टेकवायचा, इतका त्यांचा हात अजून स्थिर होता.

“रुमाल,” ते म्हणाले. “छान युक्ती. आमच्या धंद्यात नको असलेल्या नातेवाइकाला आम्ही दाराशी फुलं घ्यायला उभं करायचो.”

“पप्पा, माझ्यावर चिडू नका. चार जणी मुलं घेऊन जातो म्हणतायत. मला तेवीस मुलांची पार्टी करायचीय, एकीची नाही.”

“चिडत नाही, पोरी. एक विचारतो. डोरिस गेली तेव्हा आपल्याकडे किती ताटं आली?”

डोरिस म्हणजे त्यांची बायको. त्या गावात कुणाच्या घरी मयत झालं की शेजारपाजारचे शिजवलेलं ताट झाकून आणतात आणि न बोलता पायरीवर ठेवून जातात. डोरिसच्या वेळी घरचा फ्रीज भरला, मग शेजारणीचा भरला. चीज घातलेले बटाटे हे घर जानेवारीपर्यंत खात होतं. जॅनेलला ते चांगलं आठवत होतं.

“तिला कर्करोग होता,” ऑर्विल म्हणाले. “कर्करोगाला ताट येतं. हृदयाच्या झटक्याला येतं. दारू पिऊन गाडी झाडावर घातली तरी येतं, त्याला आपण अपघात म्हणतो. टेसला किती आली?”

जॅनेल चॉकलेटची वाटी ढवळत राहिली.

“दफन झाल्यावर विल्माला मीच घरी सोडलं. पायरीवर काही नव्हतं. पावसात भिजलेला पेपर तेवढा पडला होता. माझ्या धंद्याच्या चाळीस वर्षांत मी असं घर पाहिलं नव्हतं. मुलाकडे धंदा गेल्यापासून दर वर्षी पाहतो.”

तेव्हा जॅनेलनं कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. तिनं ताट केलं होतं. कोंबडी घालून केलेल्या शेवया होत्या. ती विल्माच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, तेवढ्यात गाडीच्या आरशात मागून केंड्राची गाडी येताना दिसली. मग जॅनेल गल्लीत वळलीच नाही, सरळ निघून गेली. शेवया घरीच संपल्या.

ऑर्विलनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, “विल्मा तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तुझी केंड्रा तिच्याच हातचं जेवून मोठी झाली. लाडवाला कुणीच भीत नाही, जॅनेल. लाडू घेतला तर ते दुःख आपल्या ओळखीचं होईल, याला भितात. ओळखीचं झालं की ते आपल्याही दारात येईल असं वाटतं. ते आधीच येऊन बसलंय, हे त्यांना कोण सांगणार?”

बुधवारी सकाळी जॅनेल विल्माच्या घरी गेली. दारातच तिनं मनात जुळवून आणलेलं सगळं बोलून टाकलं: माझं चुकलं, लाडू आणा, बाकीच्यांचं मी बघते.

“ते गेले,” विल्मा म्हणाली.

“कुठं?”

“मागं रानात. हरणांना टाकले. पोरीला सांगितलं, पाक बिघडला. स्टुलावर उभी राहून सगळे तिनं वळले होते. आता परत कर म्हणू नकोस. तिला दोनदा काय सांगू मी?”

चूक मान्य केली की ती दुरुस्त होते, असं जॅनेल आजवर धरून चालली होती. तसं नसतं, हे तिला त्या दारात कळलं. ती परत निघाली तेव्हा विल्मानं दार उघडंच ठेवलं आणि आलीच आहेस तर बस म्हणाली.

जॅनेल तासभर बसली. विल्मानं टेसबद्दल सांगितलं. वृद्धाश्रमात नोकरी, एका जड म्हाताऱ्याला उचलताना पाठ गेली, डॉक्टरांनी वेदनेच्या गोळ्या दिल्या. पुढं त्यांनी त्या बंद केल्या, पण टेसला बंद करता आल्या नाहीत. दोनदा ती उपचार घेऊन परत आली. दुसऱ्या वेळी सात महिने ती पूर्ण बरी होती. हे सगळं सांगताना विल्मा रडली नाही. निरोप देताना मात्र म्हणाली, “कुणी तिचं नावच घेत नाही गं. ‘तुमच्याकडे जे झालं ते’ म्हणतात.”

गुरुवारी दुपारी पार्टी झाली. विल्मा रुमाल घेऊन आली आणि भिंतीजवळ उभी राहिली. चौघी आया आल्या होत्या. लाडू नाहीत हे पाहून त्या थांबल्या. जॅनेलनं मुलांपुढं नावानिशी पेले ठेवले आणि मार्लीपुढं भोपळ्याचा केक.

मार्लीनं शेजारच्या पेल्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या.

“माझा नावाचा दगड कुठंय?”

जॅनेल तिच्याजवळ वाकली. तुला वाईट वाटेल असं मला वाटलं, म्हणाली.

“मला नाही वाटत,” मार्ली म्हणाली. “आईच्या थडग्यावर अजून दगड नाहीये. जमीन खाली बसल्यावर लावतात. आता नुसती काठी आहे, तिच्यावर नंबर आहे. तू तिचं नाव लिहून देशील?”

जॅनेलनं विल्माकडे पाहिलं. विल्मानं मानेनंच हो म्हटलं. जॅनेलनं डब्यातून एक कोरं बिस्किट आणि चॉकलेट काढलं आणि त्यावर टेसचं नाव लिहिलं. अक्षरं वाकडी आली. मार्लीनं एका जादा पेल्यात ते नीट उभं केलं आणि भोवतीचा चुरा बोटानं दाबून बसवला.

मागच्या बाकावरच्या एका मुलानं आजोबांचं नाव लिहून मागितलं. एकीनं कुत्र्याचं. मग रांगच लागली. मोठी माणसं भिंतीला टेकून बघत राहिली. ज्या सणाला मुलं मरणाची चेष्टा करतात, त्या सणाला ती आज आपापली माणसं आठवत होती, आणि त्यांना कुणी गप्प करत नव्हतं.

कॅसिडीचा नंबर आला. “रॉडी मामा,” ती म्हणाली.

“कॅसिडी, चल. कोट घाल,” केंड्रा पुढं आली.

“पण तो मार्लीच्या आईसारखाच गेला ना? तूच आजीला सांगत होतीस. बाहेर हृदय म्हणायचं म्हणून.”

दीड वर्षापूर्वी गावच्या पेपरात रॉडीची बातमी आली होती, ‘राहत्या घरी अचानक निधन.’ त्या वेळी केंड्राच्या पायरीवर चौदा ताटं आली होती. प्रत्येकापुढं तिला हृदय, हृदय म्हणत राहावं लागलं होतं. आता ती मुलीच्या कोटाची बाही हातात धरून उभी होती. ती बाही तिला धड घालताही येईना आणि सोडवतही नव्हती.

विल्मा भिंतीपासून पुढं आली.

“रॉडी? शाळेत तो रोज माझ्याकडून दोनदा वाढून घ्यायचा. मला खरं कळवलं असतंस, तर मी येऊन तुझ्यापाशी बसले असते.”

“मिस विल्मा, मला वाटलं, लोक काय म्हणतील...”

“लोक काहीच म्हणत नाहीत, केंड्रा. मला विचार. आठ महिने झाले, कुणी एक शब्द म्हटलेला नाही.”

केंड्रा तिथल्याच लहान खुर्चीत बसली आणि तोंड झाकून रडू लागली. दोन आया आपली मुलं घेऊन निघून गेल्या. त्या पुढंही बदलल्या नाहीत. जॅनेलनं बिस्किटावर रॉडीचं नाव लिहिलं आणि कॅसिडीनं ते टेसच्या शेजारी नेऊन रोवलं.

या सगळ्यानं गेलेलं कुणी परत आलं नाही. हरणांना टाकलेले लाडूही नाहीत. त्या हिवाळ्यात गावात तशाच आणखी तिघांचे जीव गेले. तरीही ही गोष्ट सांगायची, कारण असं गाव फक्त ओहायो नदीच्याच काठी नाही. कोण कशानं मेलं हे विचारून आपण त्या घरी जायचं की नाही ते ठरवतो. काही मरणांना आपण सन्मान देतो, काहींना कुजबुज. मित्रहो, दुःखाला जात लावण्याचा हा अधिकार आपल्याला कुणी दिला? आपल्या अशा वागण्यानं व्यसन कमी होत नाही. लपवालपवी मात्र वाढते, आणि जो अजून वाचू शकला असता तोही लाजेपोटी मदत मागत नाही. ज्या दाराशी कुणी जात नाही, तिथंच आपण आधी गेलं पाहिजे, आणि गेल्यावर मेलेल्या माणसाचं नाव मोठ्यानं घेतलं पाहिजे.

त्या दुपारी वर्ग रिकामा झाल्यावर केंड्रानं डोळे पुसले आणि विल्माला विचारलं, “टेस कशी होती?”

विल्मानं खुर्ची ओढली. लेकीचं नाव घेतलं आणि ती सांगू लागली.