आत उभा केलेला माणूस

मास्तरांनी स्वतःच्याच केबिनचं दार बाहेरून वाजवलं आणि आतून "या" ऐकू येईपर्यंत ते थांबले. अकरा वर्षांत या दारावर त्यांनी कधी टकटक केली नव्हती, त्यामुळे जोराचा अंदाज चुकला. आतल्या बाई दचकल्या.

कंपनीने नवा नियम काढला होता. जुन्या माणसांनी आपापल्या जागेसाठी नव्याने मुलाखत द्यायची. जमली तर तीच खुर्ची, नाही जमली तर पुष्पगुच्छ. मास्तर चोपन्न वर्षांचे होते. या वयात दुसरीकडे कुणी उभं करणार नव्हतं, आणि ते फुलं घेऊन घरी गेले असते तर नोकरी गेल्याचं कळण्याआधी बायकोला भलताच संशय आला असता.

हे मास्तर शाळेतले नव्हेत, प्रोग्रामर. पण नव्या पोरांचे प्रोग्राम कागदावर छापून घेऊन ते लाल पेनाने तपासत, म्हणून अख्ख्या ऑफिसने त्यांना मास्तर करून टाकलं होतं.

टेबलापलीकडे हेड ऑफिसहून आलेल्या बाई होत्या. त्यांच्या शेजारी, मास्तरांच्या खुर्चीत, चिरंजीव.

सहा वर्षांपूर्वी हाच मुलगा टेबलाच्या अलीकडे बसला होता. मास्तरांनी त्याला आपलं ठेवणीतलं बल्बचं कोडं घातलं होतं आणि तो पाऊण तास छताकडे बघत राहिला होता. मास्तरांनी शेऱ्यात लिहिलं, 'विचार करण्याची सवय आहे', आणि त्याला घेतला. पुढे प्रोग्राम लिहिण्यापासून टायची गाठ मारण्यापर्यंत सगळं शिकवलं. 'चिरंजीव' हे नाव ऑफिसने ठेवलं ते काही उगाच नाही. मास्तर गेले तर टीम कोण सांभाळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांनाही. फक्त त्यांना त्याचा अभिमान वाटत आला होता.

आज सकाळीच चहाच्या मशीनपाशी चिरंजीव कानाशी येऊन पुटपुटला होता, "सर, अजिबात टेन्शन घेऊ नका. पॅनेलवर मीच आहे. तुमचं बल्बचंच विचारणार. नेहमीचं उत्तर ठोकून द्या."

मास्तर दोन आठवडे कोड्यांचं एक जाडजूड पुस्तक घोकत होते. ते त्यांनी ड्रॉवरमध्ये ढकललं आणि दुसरा चहा घेतला.

"थोडं स्वतःबद्दल सांगा," चिरंजीव म्हणाला.

मास्तरांना हसू आलं, पण बाई लिहीत होत्या म्हणून त्यांनी सांगितलं. मग कोडं आलं. बंद खोलीत एक बल्ब, बाहेर तीन बटणं. त्यातलं एकच बल्बचं. खोलीत एकदाच जायचं आणि कोणतं ते सांगायचं.

मास्तरांनी भुवया आक्रसल्या, हनुवटी खाजवली. अगदीच पाठ आहे असं दिसायला नको. मग उत्तर दिलं. "पहिलं बटण लावून दहा मिनिटं थांबायचं. ते बंद करून दुसरं लावायचं आणि आत जायचं. बल्ब लागलेला असेल तर दुसरं. विझलेला पण गरम असेल तर पहिलं. गार असेल तर तिसरं."

"सर, बल्ब एलईडी आहे," चिरंजीव शांतपणे म्हणाला. "हात लावून कळण्याइतका तापत नाही, असं धरायचं."

"तू हे आधी कुठे सांगितलंस?"

"प्रश्नपत्रिकेत आहे, सर. दुसऱ्या ओळीत."

त्याने कागद पुढे केला. दुसऱ्या ओळीत होतंच. ऐनवेळी बाईंनी बदललं असणार, असं मनाशी म्हणत मास्तरांनी नजर खाली नेली. प्रश्न तयार करणाऱ्याने तळाशी सही करायची, हा नियम त्यांनीच घातला होता. सही चिरंजीवाची होती. तारीख पंधरा दिवसांपूर्वीची. सहीखाली रेघ मारून दोन टिंबं द्यायची ढबही त्याने मास्तरांचीच उचलली होती.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कागद तोच होता.

"उत्तर नसेल तर पुढे जाऊ या," बाई म्हणाल्या.

"आहे ना. आत एक माणूस उभा करायचा. मी बाहेरून एकेक बटण दाबतो, तो आतून ओरडून सांगतो."

बाईंना गंमत वाटली. "आणि तो खोटं बोलला तर?"

मास्तरांनी चिरंजीवाकडे पाहिलं. चिरंजीव कागद सारखे करत होता. ते सारखेच होते.

"मग बाई, सुटत नाही."

बाईंनी काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं. "शेवटचा प्रश्न. निकाल काहीही लागो, हा आम्ही सगळ्याच प्रमुखांना विचारतोय. तुमच्या हाताखालच्या माणसांपैकी डोळे मिटून जबाबदारी सोपवावी असं कोण? एकच नाव द्या. आमच्याकडे याला बरंच वजन आहे."

चिरंजीवाचे हात थांबले. हा प्रश्न त्याच्या कागदात नसावा.

"मी बाहेर थांबू का, मॅडम?" त्याने विचारलं.

"काही गरज नाही," मास्तरच म्हणाले. "बस." मग बाईंकडे वळून, "वेळ किती आहे?"

"हवा तेवढा घ्या."

मास्तर खुर्चीत मागे रेलले. हनुवटी खाजवली नाही, भुवया आक्रसल्या नाहीत. खरोखरच विचार करू लागले. बाहेर कुणाचा तरी फोन वाजून वाजून थांबला. चिरंजीवाने घसा खाकरला आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास अदबीने मास्तरांपुढे सरकवला.

मास्तरांनी तो उचलला आणि परत त्याच्यापुढे ठेवला.

"पी," ते म्हणाले. "मला जरा वेळ लागेल."