पुलाजवळचा व्हॉल्व्ह

ब्रॉनविनने चाकूचं टोक व्हॉल्व्ह बसवताना गंजू नये म्हणून वरून गुंडाळलेल्या ग्रीसच्या टेपखाली घातलं आणि सुटलेली कड धरून ओढली. टेप एका दमात उलगडत आली, मध्ये कुठे अडकली नाही. पाणीविभागाच्या डेपोत कामाच्या टेबलावर चाळीस किलोचं ओतीव लोखंड आडवं पडलं होतं. त्याच्यावर नदीकाठची चिकणमाती वाळून पापुद्रे सुटले होते.

"तीन वाजता चौकशी आहे," मर्व्ह टिलब्रुक दारातून म्हणाला, "आणि तू भंगार सोलत बसलीयस."

"भंगार नाहीये हे. ग्रॅहमने भंगारात टाकायला सांगितला होता. मी शेडमागे लपवला."

"मग आता टाक."

"तू गप बस, म्हाताऱ्या. तुझ्या वाट्याचंही मलाच बोलावं लागणार आहे आज."

मर्व्ह आत आला आणि उलट्या बादलीवर बसला. एकेचाळीस वर्षं त्याने वेरिंबा गावाचं पाणी सोडलं आणि बंद केलं होतं. मार्चमध्ये तो निवृत्त व्हायचा होता. आता आज तीननंतर कदाचित त्याला कामावरूनच काढणार होते.

ब्रॉनविनने टेपचा लांबलचक पट्टा जमिनीवर फेकला आणि पाना उचलला. गेले तीन आठवडे ती प्रत्येक वस्तू अशीच फेकत होती.

वेरिंबात जमिनीखालचे सगळे व्हॉल्व्ह डावीकडे फिरवले की बंद होतात. नदीपलीकडच्या केलफील्डमध्ये उजवीकडे. दोन्ही गावांच्या नगरपालिका एक झाल्या, पण जमिनीतल्या लोखंडाला ते कुणी कळवलं नाही. म्हणून नियम एवढाच होता: वेरिंबाच्या बाजूला कधी उजवीकडे बंद होणारा व्हॉल्व्ह बसवावाच लागला, तर त्याच्या रस्त्यावरच्या झाकणाला लाल रंग द्यायचा आणि नकाशात खूण करायची.

पुलाजवळचा हा व्हॉल्व्ह दोन्ही गावांच्या पाण्याच्या हद्दीवर होता, त्यामुळे बारा महिने बंद असायचा. तीन आठवड्यांपूर्वी डेपोतला टेव्हिटा फोनुआ नदीच्या अलीकडच्या खड्ड्यात उतरून रिकामा पाइप कापत होता. पाइपातून थेंबथेंब पाणी थांबेना, म्हणून मर्व्ह हद्दीचा व्हॉल्व्ह आवळायला तीनशे मीटर चालत गेला. झाकण साधं, काळं होतं. त्याने लांब दांड्याची चावी लावली आणि डावीकडे फिरवली. सहाव्या फेऱ्याला रेडिओवरून किंकाळी आली. केलफील्डचं पाणी खड्ड्यात घुसलं होतं आणि मातीची कड टेव्हिटाच्या पायावर कोसळली होती.

मर्व्हने दुसऱ्याच दिवशी एका कागदावर लिहून दिलं: हद्दीचा व्हॉल्व्ह मी उलटा फिरवला. चूक माझी. खाली सही. दोन महिन्यांच्या बाळासकट टेव्हिटाची बायको दवाखान्याच्या व्हरांड्यात बसली होती, तिलाही तो तेच सांगून आला. टेव्हिटाने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

ब्रॉनविनला त्या कागदातलं एक अक्षरही खरं वाटत नव्हतं. या माणसाने झोपेतही व्हॉल्व्ह डावीकडेच फिरवला असता.

तिने आठही बोल्ट सोडवले, वरची टोपी उचलली. खालचं रबरी गॅस्केट फाटून अर्धं टोपीला, अर्धं धडाला चिकटून राहिलं. टोपीबरोबर मधला दांडा, स्पिंडल, वर आला आणि त्याला लटकलेली लोखंडी पाचरही; हीच पाचर खाली उतरून पाण्याची वाट अडवते. पाचर जिथे टेकते ती पितळेची बैठक आरशासारखी होती. व्हॉल्व्हमध्ये बिघाड काहीच नव्हता. तिने स्पिंडलच्या चौकोनी डोक्यावर पाना बसवला आणि उजवीकडे फिरवला. पाचर खाली सरकली. डावीकडे फिरवला. पाचर वर आली.

तिने तेच पुन्हा केलं. मग पाना टेबलावर इतक्या जोरात आपटला की छतावरची कबुतरं उडाली.

"सरळ आट्याचा आहे हा! केलफील्डचा! मर्व्ह, तू बरोबर फिरवलास. इथल्या हिशेबाने तू अगदी बरोबर फिरवलास!"

मर्व्ह बादलीवरून उठला नाही. "ग्रॅहमला हाक मारू नकोस," तो म्हणाला.

पण ती दारापर्यंत पोचली होती.

ग्रॅहम पॅस्को हा पाणीविभागाचा प्रमुख, राजधानीतून येऊन त्याला वर्षच झालं होतं. मांस भरलेलं पॅटिस खात असताना त्याला उठवून आणलं होतं. शर्टावर सॉसचा थेंब होता. त्याने पाचर खालीवर होताना शांतपणे पाहिली.

"मर्व्हने सही केलीय, ब्रॉन. निरीक्षक कागदाची प्रत घेऊन गेला. हे सगळं पुन्हा कशाला उकरायचं?"

"कारण कागद खोटा आहे! हा माणूस बहिरा आहे, म्हातारा आहे, असं ऑफिसात कुजबुजता तुम्ही सगळे. तुम्हाला सोयीचं आहे ते."

"बहिरा मी आहेच," मर्व्ह म्हणाला.

"मग बसवला कुणी?" ग्रॅहमने विचारलं.

"तेच तर! नोंद काढ ना तू!"

"नोंद नाहीये. पुलाजवळचे तीन व्हॉल्व्ह चार वर्षांपूर्वी पुराच्या आठवड्यात बदलले, एवढंच आहे. त्या आठवड्यातली वहीच नाही."

पुराच्या आठवड्यात कोण कुठे होतं ते खरंच कुणी सांगू शकलं नसतं. तीन दिवस सलग, गाडीत डुलक्या घेत, ट्रकवर जे हाताला लागेल ते बसवत सगळेच फिरले होते. ब्रॉनविनही त्यांत होती. तिला आठवत होता तो फक्त तपकिरी पाण्याचा आवाज.

"शोधून काढ," ती म्हणाली. "कुणीतरी हा बसवला, वरून झाकण लावलं आणि घरी गेलं. लाल रंगाचा डबा गाडीतच असतो, ग्रॅहम. दोन मिनिटांचं काम. तेवढं ज्याच्याने झालं नाही, त्या हरामखोराला टेव्हिटाच्या समोर उभा कर. कागदावर सही नको. समोर उभा कर, आणि त्याच्या पायातल्या सळया मोजायला लाव."

ग्रॅहमने घड्याळ पाहिलं. "तीन वाजता हे सगळं सांग. फक्त थोडं हळू आवाजात." तो निघून गेला.

"हळू आवाजात!" ब्रॉनविन बंद दाराला म्हणाली.

मागे वळली तेव्हा मर्व्ह वाकून जमिनीवरची टेप गोळा करत होता. एकीकडे चिकट, एकीकडे मातकट असा तो पट्टा त्याला गुंडाळता येईना. दोन वेढे घातले की तिसऱ्याला टेप पीळ खाऊन उसळायची आणि हातातून निसटायची. तो पुन्हा सुरुवात करायचा. त्याचे हात कधीच इतके अडाणी नव्हते.

"काय करतोयस?"

"कचरा उचलतोय."

"खिशात?"

मर्व्हच्या विजारीच्या खिशातून टेपचा एक तुकडा लोंबत होता. ब्रॉनविनने चिडून उरलेला पट्टा त्याच्या हातातून ओढून घेतला. "दे इकडे. साधी टेप गुंडाळता येईना तुला."

तिने टोक उजव्या मुठीत धरलं आणि डाव्या हाताने वेढा घातला. टेप बसली. दुसरा वेढा पहिल्यावर आपसूक चढला, तिसरा दुसऱ्यावर. चार वर्षं जमिनीत राहूनही पट्ट्याने आपलं वळण सोडलं नव्हतं. तिच्या हाताला तो ओळखीचा असल्यासारखा फिरत होता.

पाचव्या वेढ्याला तिचा हात थांबला.

डेपोतल्या चौदा जणांत डावखुरी ती एकटीच होती. दुसऱ्या कुणीही गुंडाळलेली टेप सोडवताना तिला नेहमी शिव्या घालाव्या लागत. ही तिने एका दमात सोलली होती.

बाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं. त्याचा टूंटूं आवाज थांबला.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"त्याच संध्याकाळी. व्हॉल्व्ह काढायला खणलं तेव्हा."

"आणि तू सही केलीस."

"मला मार्चमध्ये जायचंच आहे, पोरी. तुझी वीस वर्षं बाकी आहेत. तुझ्या लेकीची, मोलीची शाळा आहे. मी म्हटलं..."

"तुला विचारलं होतं कुणी?" तिचा आवाज फाटला. "टेव्हिटाच्या बायकोसमोर जाऊन तू उभा राहिलास! ती थुंकली तुझ्या बुटांवर, आख्ख्या गावाने पाहिलं! तीन आठवडे मी तुझ्यासाठी सगळ्यांशी भांडतेय, आणि तू इथे बादलीवर बसून मला भांडू देतोयस!"

"तू भांडताना बरी दिसतेस."

"थट्टा करू नकोस माझी."

मर्व्हने खिशातला तुकडा काढून टेबलावर ठेवला. त्याच्या बोटांना ग्रीस लागलं होतं. त्याने ते विजारीला पुसलं नाही, नुसते हात गुडघ्यांवर ठेवले. "फेकून दे ती," तो हलक्या आवाजात म्हणाला. "टेप कोण बघतंय? ग्रॅहमला चाकू कुठून धरायचा तेही कळत नाही."

टेबलावर सुटे पडलेल्या आठ बोल्टांपैकी एक तिने उचलला, लोकरीच्या चिंधीने पुसला आणि खिशात टाकला.

तीन वाजता नगरपालिकेच्या छोट्या खोलीत पंखा चालू होता. टेबलाच्या त्या बाजूला ग्रॅहम आणि कामगार संघटनेची बाई बसले होते. भिंतीला टेकून टेव्हिटा बसला होता, एक पाय खुर्चीवर लांब करून, कुबड्या मांडीवर. मर्व्ह आत आल्यावर त्याने मान खिडकीकडे वळवली.

"ब्रॉन, तुला काही सांगायचं होतं ना?" ग्रॅहम म्हणाला. "बस."

ती बसली नाही. तिने मर्व्हची सही असलेला कागद टेबलाच्या कडेला सरकवला आणि त्याच्या जागी टेपचा गोळा आणि बोल्ट ठेवला.

"हे काय?" संघटनेच्या बाईने विचारलं.

"टेव्हिटा," ब्रॉनविन म्हणाली, "इकडे बघ."

टेव्हिटाने नाइलाजाने मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर तोच राग होता, जो ती गेले तीन आठवडे स्वतःच्या चेहऱ्यावर घेऊन फिरत होती.

मागून मर्व्ह तिचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटला. तिने ऐकलं नाही. बोल्ट उजव्या हातात धरून, टेव्हिटाला नीट दिसेल असा, तिने टेपचं टोक डाव्या हातात घेतलं आणि सावकाश गुंडाळायला सुरुवात केली.